लेखक आणि प्रकाशक, एकाच खुर्चीत

मराठी कादंबरीकाराच्या कारकिर्दीचे ढोबळ मानाने दोन कालखंड पडतात : कादंबरी लिहिण्याचा आणि ती प्रकाशकाच्या कपाटात पडून राहण्याचा. पहिल्या कालखंडाविषयी मनोगतांतून, मुलाखतींतून आणि साहित्य संमेलनांच्या परिसंवादांतून मुबलक सांगून झाले आहे. दुसरा कालखंड बहुधा पहिल्याहून मोठा असूनही समीक्षकांनी त्याकडे ढुंकून पाहिलेले नाही. या काळात कादंबरीकार लिहीत नाही, वाचत नाही, केवळ फोन करतो, आणि हे फोन किती अंतराने करावेत याचे एक अलिखित शास्त्र त्याने अनुभवातून सिद्ध केलेले असते. फोन लवकर केला तर तो उतावळा ठरतो, उशिरा केला तर प्रकाशकाला त्याचे नाव आठवत नाही, आणि नेमक्या वेळी केला तर प्रकाशक पुस्तक प्रदर्शनासाठी नागपूरला गेलेला असतो. योगायोगाने प्रत्यक्ष भेट झालीच तर पुढील संवाद घडतो, आणि तो महाराष्ट्राच्या सर्व विभागांत किरकोळ फरकाने सारखाच आढळतो.

“वाचायला दिली आहे.”

“कोणाला?”

“वाचणाऱ्यांना.”

“काही म्हणाले का ते?”

“वाचल्यावर म्हणतील.”

येथे प्रकाशकाची बाजूही नोंदवली पाहिजे, कारण पारंपरिक प्रकाशनात, म्हणजे ज्या पद्धतीत कागद, छपाई, बांधणी आणि वितरण यांचा खर्च प्रकाशक करतो व लेखकाला छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास मानधन देण्याचे कबूल करतो त्या पद्धतीत, पैसे बुडण्याचा पहिला मान प्रकाशकाचाच असतो. एके काळी कादंबरीची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघत असे; ती पाचशेवर आली, पुढे तीनशेवर आली, आणि आता मागणी येईल तशा पन्नास-पन्नास प्रती काढण्याचे तंत्र आल्यापासून आवृत्ती संपत का नाही हा लेखकाचा जुना प्रश्न जाऊन ती सुरू कधी झाली हा नवा प्रश्न आला आहे. अशा स्थितीत प्रकाशक साहित्याचे मूल्यमापन फॉर्मांत करतो, यात नवल नाही. फॉर्म म्हणजे मोठ्या कागदावर एकत्र छापून नंतर घडी घातली जाणारी सोळा पाने, आणि मराठी कादंबरीवरील सर्वांत परखड समीक्षा आजवर याच परिभाषेत झालेली आहे.

“चारशे ऐंशी पाने म्हणजे तीस फॉर्म झाले. चोवीसमध्ये बसवा.”

“पण नायिका अठ्ठाविसाव्या फॉर्ममध्ये मरते.”

“मग चोविसाव्यात मरू द्या. वाचकालाही बरे पडेल.”

याहून उदार प्रकाशकही भेटतात. ते कादंबरीला हात न लावता ती जशीच्या तशी छापायला तयार होतात, मात्र छपाईच्या खर्चात लेखकाने ‘सहभागी’ व्हावे किंवा शंभरेक प्रती आधीच विकत घ्याव्यात एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते. या योजनेत सहभागी झालेल्या कादंबरीकारांच्या पलंगाखाली जे दिसते त्यास ‘लेखकाच्या प्रती’ असे म्हणतात. लग्न, मुंज, वास्तुशांत आणि निवृत्तीसमारंभ या निमित्ताने त्या ‘सप्रेम भेट’ या दोन शब्दांनिशी बाहेर पडतात आणि ज्यांना मिळतात त्यांच्याकडे तितक्याच सुरक्षित राहतात. प्रस्तुत लेखकाच्या कपाटात अशा भेटींची एक अख्खी फळी असून तिच्यावरील कोणत्याही पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेपुढे त्याचा अभ्यास गेलेला नाही, ही बाब येथे केवळ पुराव्यादाखल नमूद केली आहे.

या सर्व छळातून सुटण्याचा मार्ग म्हणून कादंबरीकार ई-पुस्तकाकडे वळतो. ई-पुस्तक म्हणजे फोनवर, संगणकावर किंवा खास वाचनयंत्रावर वाचण्याची फाइल, आणि स्वयंप्रकाशन म्हणजे ती फाइल प्रकाशकाच्या मध्यस्थीशिवाय लेखकानेच विक्रीस ठेवणे. अॅमेझॉनने २००७ च्या नोव्हेंबरात किंडल हे वाचनयंत्र आणले तेव्हाच लेखकांना थेट पुस्तके चढवण्याची सोयही उघडली होती. किंडलच्या दुकानात मराठीला अधिकृत जागा २०१६ च्या अखेरीस हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्या जोडीने मिळाली. बुकगंगासारखी मराठी दुकाने ई-पुस्तके विकत होतीच, आणि ई साहित्य प्रतिष्ठानने तर ती फुकट वाटण्याचा पायंडा पाडला होता, ज्याचा मराठी वाचकाच्या स्वभावाशी किती निकटचा मेळ बसतो हे वेगळे सांगायला नको.

वळण्याआधी मात्र कादंबरीकाराला इतिहासाचा आधार लागतो, आणि तो शोधण्याची त्याची चिकाटी कादंबरी लिहिण्याच्या चिकाटीहून कमी नसते. मार्सेल प्रूस्तला त्याच्या महाकादंबरीचा पहिला खंड प्रकाशकांनी नाकारल्यामुळे १९१३ मध्ये पदरमोड करून छापावा लागला, हे त्याला तोंडपाठ असते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः दिली, तेव्हा तेही स्वयंप्रकाशनच झाले, असे तो चहा निवेपर्यंत पटवून देतो. अँडी वेअरने ‘द मार्शियन’ आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली, २०११ मध्ये वाचकांच्या आग्रहावरून किंडलवर नव्व्याण्णव सेंटला ठेवली, आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट आला, हा तर त्याचा हुकमी एक्का. २०१४ मध्ये तीच कादंबरी एका जुन्या, प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेने छापली होती, हा मधला दुवा तो सहसा गाळतो. ह्यू हाउईने ‘वूल’चे ई-हक्क स्वतःकडे ठेवून छापील हक्क तेवढे सायमन अँड शूस्टरला दिले, याचाही उल्लेख तो ‘प्रकाशकाला कसे नमवले’ अशा थाटात करतो. नमवल्यानंतर ती अखेर कागदावरच गेली, हे त्याच्या लेखी तपशिलात मोडते.

फाइल चढवणे, असे ऐकताना वाटते, म्हणजे दोन कळा दाबणे. हा समज मराठी कादंबरीची फाइल ज्याने पाहिलेली नाही त्याचाच असू शकतो. पुण्यामुंबईतील बहुसंख्य हस्तलिखिते अक्षरजुळणी करणाऱ्यांनी, म्हणजे बोलीभाषेत डीटीपीवाल्यांनी, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टंकलेली असतात. या फॉन्टांत देवनागरी हा केवळ मुखवटा असून त्याखाली रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागाच असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मुखवटा गळून पडतो. नायिकेच्या आत्मनिवेदनाच्या जागी डॉलरची चिन्हे, उलटी उद्गारचिन्हे आणि डोक्यावर दोन टिंबे मिरवणारी युरोपीय अक्षरे पाहून कादंबरीकाराला प्रथम वाटते की आपण प्रयोगशील झालो. मग कोणी तरी सांगते की मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना समान समजणाऱ्या संकेतप्रणालीत, आणावा लागेल, आणि त्यासाठी रूपांतरक नावाची आज्ञावली फुकट मिळते.

फुकट मिळणाऱ्या रूपांतरकाचे वैशिष्ट्य असे की तो नव्वद टक्के मजकूर बिनचूक बदलतो आणि उरलेले दहा टक्के कुठे आहेत ते सांगत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जात असल्यामुळे ती रूपांतरात शेजारच्या घरी जाऊन बसते, रफार एक अक्षर उडी मारतो, जोडाक्षरांचे पाय मोडतात. हे सर्व निस्तरण्याचे काम पारंपरिक व्यवस्थेत मुद्रितशोधक करीत असे. हा गृहस्थ प्रुफे वाचून चुका काढतो, लेखकाहून चांगले व्याकरण जाणतो आणि पुस्तकात त्याचे नाव कुठेही नसते. स्वयंप्रकाशनात मुद्रितशोधकाचे पैसे वाचवण्याचा निर्णय प्रकाशक या नात्याने कादंबरीकारच घेतो, आणि लेखक या नात्याने तोच त्याबद्दल हळहळतो.

ज्ञात असलेल्या एका प्रकरणात कादंबरीतील कजाग जावेचे नाव रमा होते, आणि लेखकाच्या वहिनींचेही नाव रमाच असल्यामुळे हस्तलिखित घरात फिरताच हरकत घेण्यात आली. प्रकाशक या नात्याने लेखकाने तत्परतेने ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरून संपूर्ण कादंबरीत एका झटक्यात ‘रमा’ची ‘उमा’ केली. यंत्राला जाऊ आणि शब्द यांतला फरक कळत नसल्याने पात्र तर बदललेच, शिवाय कीर्तनकाराच्या तोंडी ‘पउमार्थ’ आला, विज्ञानशिक्षकाने मुलांना ‘पउमाणू’ शिकवला, आणि दोनशे बाराव्या पानावर पावसात भिजलेल्या नायक-नायिकेने टपरीवर ‘गउमागरम’ भजी खाल्ली. ‘पउमार्थ’ पहिल्याच प्रकरणात असल्याने तो लगेच सापडला. भज्यांपर्यंत तपासणी पोचायच्या आत लेखकाला मुखपृष्ठाची घाई झाली.

मुखपृष्ठाबाबतही हेच. त्याची प्रतिमा उंचीला २५६० आणि रुंदीला १६०० पिक्सेल असणे इष्ट, एवढेच अॅमेझॉन सांगते. तीत काय असावे याचे स्वातंत्र्य लेखकाला देते, आणि लेखक ते स्वातंत्र्य फुकट छायाचित्रे मिळणाऱ्या संकेतस्थळावर जाऊन वापरतो. तेथे खिडकीशी पाठमोरी उभी असलेली एक स्त्री असते. ती स्त्रीजीवनावरील कादंबरीला चालते, रहस्यकथेला चालते, काव्यसंग्रहाला चालते, आणि बारकाईने पाहिल्यास बाहेर बर्फ पडत असला तरी सांगोल्याच्या दुष्काळावरील कादंबरीलाही चालवून घेतली जाते.

यानंतर अर्जाची पाने येतात. पुस्तकाचा वर्ग कोणता, असे विचारल्यावर जो लेखक आयुष्यभर ‘माझ्या लेखनाला कोणत्याही चौकटीत बसवू नका’ असे म्हणत आला, तो तीन वर्गांची मुभा असल्याचे कळताच आणखी दोन का नाहीत म्हणून चिडतो. वाचकांना पुस्तक सापडावे यासाठी शोधशब्द भरण्याचे सात खण असतात. त्यांत वाचक जे शोधतो ते लिहायचे असते, परंतु कादंबरीकार तेथे ‘अंतर्मुख करणारी’, ‘दर्जेदार’ आणि ‘एका बैठकीत वाचावी अशी’ हे शब्द भरतो, जे जगाच्या पाठीवर कोणीही कधी शोधलेले नाहीत. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, किंडलच्या ई-पुस्तकाला लागत नाही हे वाचून सामान्य लेखक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि प्राध्यापक असलेला लेखक खचतो. २०२३ पासून आणखी एक प्रश्न विचारला जातो : हा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केला आहे काय? या प्रश्नाने अपमानित झालेल्या एका कादंबरीकाराला घरातून तत्काळ दिलासा मिळाला.

“सरळ ‘नाही’ लिहा. यंत्र असते तर शंभर पानांत आटोपले असते.”

सर्वांत रोमहर्षक भाग म्हणजे करविषयक मुलाखत. ती प्रत्यक्ष कोणी घेत नाही, पडद्यावरच होते, पण तिचा दरारा नोकरीच्या मुलाखतीहून अधिक असतो. अमेरिकी कंपनीकडून मानधन मिळणार असल्यामुळे आपण अमेरिकेचे नागरिक नाही, तेथे आपला व्यापारधंदा नाही, आणि भारत-अमेरिका करारानुसार अमेरिकेतील विक्रीच्या मानधनावर तीस नव्हे तर पंधरा टक्केच कर कापला जावा, हे लेखकाला डब्ल्यू-८ बेन नावाच्या नमुन्यावर शपथेवर लिहून द्यावे लागते. ज्याची आजवरची सर्वांत दूरची विक्री मिरजेला झाली आहे असा लेखक रात्री साडेअकराला नारायण पेठेत बसून, खोटे बोलल्यास अमेरिकी कायद्याने शिक्षा होईल हे वाचतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या सनदी लेखापाल मेहुण्याला उठवतो.

“किती रकमेवर कर वाचवायचा आहे?”

“अजून एकही प्रत विकली गेलेली नाही.”

“मग पंधरा काय न् तीस काय. झोपा.”

मानधनाचे गणित मात्र खरोखरच मोहात पाडणारे आहे, आणि कादंबरीकार फसतो तो येथेच. किंडलवर लेखकाला पस्तीस किंवा सत्तर टक्के मिळतात. सत्तरसाठी किंमत ठरावीक पट्ट्यात ठेवावी लागते आणि भारतातील विक्रीपुरते पुस्तक ‘सिलेक्ट’ योजनेतही घालावे लागते. या योजनेत नव्वद दिवस ते ई-पुस्तक अन्यत्र कुठेही, अगदी फुकटसुद्धा, देता येत नाही. दहा टक्क्यांवरून सत्तर टक्के म्हणजे सातपट, एवढा हिशेब लेखक चटकन करतो. परंतु दहा टक्के चारशे रुपयांचे होते आणि सत्तर टक्के नव्व्याण्णव रुपयांचे आहेत, हा पुढचा हिशेब तो प्रकाशकावर सोडतो आणि प्रकाशक तोच असतो हे विसरतो. शासनाचेही या बाबतीतील धोरण मार्मिक आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावरील कर २०१८ मध्ये अठरावरून पाच टक्क्यांवर आणला गेला, आणि ज्याला छापील भावंडच नाही त्याचा अठरावरच ठेवला गेला. प्रकाशकांनी ज्याला नाकारले त्याच्याकडून थोडे जास्त वसूल करावे, हे वाङ्मयीन मूल्यमापन वित्त खात्याने इतक्या सहज केले असेल असे कोणाला वाटले नव्हते.

पुस्तक निघाले की प्रकाशन समारंभ आला. छापील पुस्तकाच्या समारंभात रंगीत कागदात गुंडाळलेल्या प्रती प्रमुख पाहुण्यांच्या हाती दिल्या जातात, त्यांना गाठ सुटत नाही, कात्री शोधली जाते, आणि मग मान्यवर पुस्तक छातीशी धरून छायाचित्रकाराकडे पाहतात. मराठी साहित्यव्यवहाराचा हा गाभा आहे. ई-पुस्तकात गुंडाळायला काहीच नसल्यामुळे व्यासपीठावर लॅपटॉप ठेवून ज्येष्ठ समीक्षकांनी ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबावे, असे ठरते. समीक्षकांनी आधी चष्मा लावला, मग काढला, मग बटण कोणते ते विचारून दाबले आणि टाळ्या झाल्या. पडद्यावर जो मजकूर उमटला तो अध्यक्षांनी कर्तव्यबुद्धीने मोठ्याने वाचून दाखवला : पुस्तक दुकानात दिसण्यास बहात्तर तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

“म्हणजे गुरुवारी परत यायचे का?” दुसऱ्या रांगेतून विचारणा झाली.

“नाही, प्रकाशन झाले, फक्त पुस्तक अजून निघालेले नाही,” असा खुलासा सूत्रसंचालकाने केला.

“पण चहा आजच आहे ना?”

छायाचित्रासाठी छातीशी धरायला मुखपृष्ठाची मोठी छपाई करून ती सनबोर्डवर चिकटवलेली होती, त्यामुळे खिडकीतील पाठमोरी स्त्री पाचही मान्यवरांच्या हातांत आली आणि समारंभाचे पावित्र्य राखले गेले. भाषणात समीक्षकांनी ही कादंबरी वाचताना पानापानांवर थांबावे लागते असे सांगितले. बटण त्यांनी नुकतेच दाबलेले होते.

चौथ्या दिवसापासून कादंबरीकाराच्या आयुष्यात आलेखाचे पर्व सुरू होते. पारंपरिक प्रकाशक वर्षातून एकदा, तेही आठवण केल्यावर, विक्रीचा हिशेब देत असे, आणि त्यात ‘शिल्लक प्रती’ या सदराखाली काय असेल याची कल्पना आधीच असल्यामुळे धक्का बसत नसे. ई-पुस्तकाचा हिशेब मात्र दिवसभर, क्षणोक्षणी पाहता येतो, आणि पाहता येतो म्हणून पाहिला जातो. पहिल्या आठवड्यात एक प्रत विकली गेली की विक्रीक्रमांक लाखभर पायऱ्या चढून एखाद्या अरुंद वर्गात पहिल्या दहांत येतो; त्या क्षणाचे छायाचित्र कुटुंबाच्या, सोसायटीच्या आणि शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर पोचते. ती प्रत लेखकाने स्वतःच घेतलेली असते.

याहून निर्दय सोय किंडल अनलिमिटेडची आहे. या योजनेत वाचक महिन्याची वर्गणी भरून हवी तितकी पुस्तके वाचतो आणि लेखकाला २०१५ पासून वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे मिळतात. कोणत्या दिवशी किती पाने वाचली गेली हे लेखकाला दिसते. वाचक कोण ते दिसत नाही, पण वाचक एकच असला की गणित अवघड राहत नाही. सोमवारी एकोणीस पाने. मंगळवारी अठरा. बुधवारी शून्य, गुरुवारी शून्य, आणि पुढे आलेख सरळ जमिनीवर पहुडतो. सदतिसाव्या पानावर असे काय आहे, या प्रश्नाने कादंबरीकार पोखरला जातो. तेथे त्याने सह्याद्रीचे सहा पानी वर्णन केलेले असते, जे कादंबरीचे मर्मस्थान असल्याचे त्याने मनोगतात लिहिले आहे. कपाटातील छापील पुस्तकाने कोण कुठे पेंगला हे आजवर कधी बाहेर फोडले नाही, आणि हा त्याचा मोठेपणा ई-पुस्तक आल्याशिवाय कोणाच्या ध्यानात आला नसता.

जे वाचत नाहीत तेही गप्प बसत नाहीत, ही आणखी एक अडचण.

“तुमची कादंबरी वाचायचीच आहे हो. पीडीएफ पाठवता का?”

“नव्व्याण्णव रुपयांना आहे किंडलवर.”

“आमच्याकडे किंडल नाही.”

“फोनवरही वाचता येते.”

“फोनवर वाचून डोळे दुखतात. पीडीएफच बरी.”

पीडीएफ कशावर वाचणार हे विचारण्यात अर्थ नसतो, कारण ती वाचण्यासाठी मागितलेली नसून पुढे पाठवण्यासाठी मागितलेली असते. फुकट प्रत दिली तर नव्वद दिवसांची अट मोडते आणि न दिली तर नाते मोडते, अशा पेचात सापडलेला कादंबरीकार बहुधा अमेरिकेची अट मोडतो. न्यू जर्सीतील चुलतभावाने मात्र पुस्तक खरोखर विकत घेतले, वाचलेही असावे, कारण ‘दादा, मस्त!’ असा पाच तारकांचा अभिप्राय त्याने तत्परतेने नोंदवला. नातेवाइकांचे अभिप्राय अॅमेझॉनला चालत नसल्याने तो आठवड्यात नाहीसा झाला. उरला तो एक तारकेचा, ‘अक्षर फार बारीक आहे’ एवढाच. किंडलवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हे त्या वाचकाला कळवण्याची सोय लेखकाला नाही.

सर्वांत चमत्कारिक बदल घडतो तो कादंबरीकाराच्या स्वभावात. वर्षभर प्रकाशकाच्या खुर्चीत बसल्यावर त्याची भाषा हळूहळू पालटते. लेखक म्हणून त्याची दुसरी कादंबरी तयार असते. प्रकाशक म्हणून तो तिच्याकडे पाहून ‘सध्या कादंबऱ्या चालत नाहीत’ असे पुटपुटतो, पाने किती ते विचारतो, आणि पुढील दोन वर्षांचे नियोजन झाले असल्याचे स्वतःला कळवतो. लेखकाने मानधनाचा विषय काढल्यास प्रकाशक त्याला मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, सनबोर्ड, शाल-श्रीफळ आणि दोनशे माणसांचा चहा यांचे आकडे दाखवतो. पूर्वी अशा वेळी प्रकाशकाला शिव्या घालून मन मोकळे करता येत असे, आणि मराठी लेखकांच्या मैत्रीचा बराच भाग या शिव्यांवरच उभा होता. आता त्याच्या शिव्या ऐकायला मित्र जमतात, पण घालायच्या कोणाला हे नक्की नसल्याने बैठक लवकर मोडते.

अशातच एखाद्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातून फोन येतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली अशी वाचनालये गावोगाव आहेत, शासनाच्या अनुदानातून ती पुस्तके घेतात, आणि मराठी कादंबरीची छापील आवृत्ती जी काही संपते ती मुख्यतः त्यांच्या जिवावर. तेव्हा ग्रंथपालांचा आवाज ऐकून कादंबरीकार उभा राहून बोलू लागतो.

“वर्तमानपत्रात समारंभाचा फोटो पाहिला. वाचक मागतायत. दोन प्रती पाठवून द्या, बिलासह.”

“ती ई-पुस्तक आहे.”

“हरकत नाही, पुठ्ठाबांधणी आम्ही करून घेऊ.”

“नाही, म्हणजे ती कागदावर नाही.”

पलीकडे बराच वेळ शांतता.

“मग दाखल क्रमांकाचा शिक्का कशावर मारायचा?”

दाखल क्रमांक म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवहीतील संख्या. तिचा शिक्का असल्याशिवाय पुस्तक असल्याचे सिद्ध होत नाही आणि तपासणीत अनुदान अडते. कादंबरीकाराने त्या रात्री प्रकाशक या नात्याने स्वतःशी सविस्तर चर्चा केली, शंभर प्रतींचा अंदाज काढला, कागद महागल्याची तक्रार ऐकून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह व मजकुराची एक छापून काढलेली प्रत घेऊन अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात डीटीपीवाल्याकडे गेला.

“फाइल कशात आहे?”

“युनिकोडमध्ये.”

“अहो साहेब, आमच्या पेजमेकरला युनिकोड चालत नाही. श्रीलिपीत करून आणा.”

“श्रीलिपीतूनच युनिकोडमध्ये केली होती.”

“मग परत करा. रूपांतरक फुकट मिळतो.” एवढे बोलून डीटीपीवाल्याने पाने मोजता मोजता चाळायला घेतली, फॉर्म किती होतील याचा अंदाज बोटांवर केला, दोनशे बाराव्या पानावर थांबला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“हे ‘गउमागरम’ तसेच ठेवायचे का? नवसाहित्य असेल, म्हणून विचारले.”